कारणाची बोली

माझं जे काही भलं झालं ते आत्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांच्याविषयी माझ्याकडे चांगलं बोलण्यासारखं फारसं नाही, आणि याला आयुष्यात कोणी चांगलं माणूस भेटलंच नाही असं वाचणाऱ्याला वाटू नये. मला भेटलं. आत्या नाटे गावच्या जेटीवर लिलावात मासळी घ्यायची, एसटीने राजापूरच्या बाजारात नेऊन विकायची, आणि त्या कमाईवर तिने मला रत्नागिरीला ठेवून बी.कॉम. केलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नाही. आत्याला स्वतःला सही करता येते, वाचता येत नाही.

जेटीवरचा लिलाव ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो नुसता कालवा वाटेल. होडी लागली की टोपल्या फरशीवर ओततात. ढीग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, बांगडा ताजा की कालचा हे कल्ला उचलून बघता येतं. पुकारणारा आकडा म्हणतो, बायका हात वर करतात, आणि कोण कोणावर चढतंय हे सगळ्यांना दिसतं. भांडणं होतात, एकमेकींचे बाप काढले जातात. पण तिथे एक रीत आहे. एखादीला खरीच नड असली तर ती हात वर करताना कारण मोठ्याने सांगते. घरात आजारपण आहे, मुलीचं लग्न आहे, जे असेल ते. मग त्या ढिगावर बाकीच्या चढी बोली बोलत नाहीत. हिला आमच्याकडे कारणाची बोली म्हणतात. कारण खोटं निघालं तर पुढे हंगामभर त्या बाईच्या शेजारी कोणी पाटी ठेवत नाही, त्यामुळे ही बोली उगाच कोणी लावत नाही.

आत्याने ती एकदाच लावली. माझी बारावी झाली होती आणि कॉलेजची फी भरायची होती. सुरमईचा मोठा ढीग पडला होता. आत्याने हात वर केला आणि म्हणाली, "भावाच्या पोराला रत्नागिरीला शिकाय पाठवायचा हाय." तिच्याशी उभं वैर असलेली एक बाई समोर होती. तिचा हात अर्धा वर गेला होता. तो तिने खाली घेतला आणि पदराला पुसला. "घे बाय," ती म्हणाली, "शिकून आला म्हंजे आमचे पण अर्ज लिव्हील." पुढे कितीतरी वर्षं मी सुट्टीत तिचे रेशनचे नि पेन्शनचे अर्ज लिहिले. ते मला कधी ओझं वाटलं नाही.

आता मी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, आंब्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात हिशेबनीस आहे. मागच्या वर्षी हंगाम चांगला गेला आणि मालकांनी ठरवलं की अधिकाऱ्यांना आणि मोठ्या गिऱ्हाइकांना मुंबईहून क्रूझवर न्यायचं. प्रत्येकाला बरोबर एक माणूस नेता येणार होतं. माझ्या पत्नीला फेरीबोटीतसुद्धा उलटी होते. ती म्हणाली, "मला वगळा. आत्यांना न्या. त्यांनी तेव्हा हात वर केला नसता तर तुम्ही कसले अधिकारी."

आत्याला विचारायला मी नाट्याला गेलो. ती मागच्या दारी सुकत घातलेली कोळंबी राखत बसली होती. गुडघ्यांमुळे आता बाजार सुटला आहे, पण मांजरांवर तिची नजर अजून तशीच आहे.

"जहाजानं? किती लांब?"

"खोल पाण्यात. किनारा दिसणार नाही इतकं."

तिने हातातली काठी खाली ठेवली. मला वाटलं होतं ती चेष्टा करेल. तिने केली नाही. आमच्याकडे बायका होडीत चढत नाहीत. पुरुष धरून आणतात, बायका विकतात, असं पूर्वीपासून चालत आलं आहे. आत्याचा नवरा तांडेल होता, म्हणजे होडीचा मुख्य. तो आठ-आठ दिवस खोल पाण्यात असायचा आणि परत आला की झोपायचा. आता त्याला जाऊन बरीच वर्षं झाली.

"त्याला मी विचारायची, तिथं काय असतं?" आत्या म्हणाली. "तो म्हणायचा, काय असणार, पाणी असतं. जल्मभर मी त्या पाण्यातलं विकलं आणि पाणी कसं हाय ते मला म्हायत नाय. येते मी. पण बंद खोलीत झोपणार नाय हां. तुला म्हायत हाय."

मला माहीत होतं. तिला कोंडलेल्या जागेत श्वास घेता येत नाही. रत्नागिरीच्या दवाखान्यात तपासणीसाठी खिडकी नसलेल्या खोलीत निजवलं तेव्हा ती अंगावरची चादर घेऊन बाहेर व्हरांड्यात येऊन बसली होती, आणि डॉक्टरांनी समजावलं तरी आत गेली नाही.

"खिडकी असेल. पडल्या पडल्या पाणी दिसेल," मी सांगितलं. शब्द देऊन परत आलो.

कारखान्याने सगळ्यांसाठी आतल्या खोल्या घेतल्या होत्या हे मला त्यानंतर कळलं. आतली खोली म्हणजे जहाजाच्या पोटातली, चारी बाजूंनी भिंत. आपल्या पैशाने बाल्कनीची खोली घ्यायची तर तिचा दर मला झेपणारा नव्हता. पण लवकरच जहाज कंपनीची ईमेल आली. तिची सुरुवातच अभिनंदनाने होती. आपली निवड झाली आहे, असं लिहिलं होतं. कशासाठी, तर जास्त पैसे देण्यासाठी. शिल्लक राहिलेल्या बाल्कनीच्या खोल्यांसाठी आपण बोली लावा, प्रवासाच्या आधी कळवू. लागली तर कार्डावरून पैसे वळते होतील आणि परत मिळणार नाहीत. कोणती खोली, कोणत्या बाजूची, समोर काय दिसतं, हे काही सांगणार नाही.

बोली लावायची जागा उघडली तर तिथे एक पट्टी आणि तिच्यावर काटा. काटा डावीकडे ठेवला की पट्टी तांबडी व्हायची आणि 'कमकुवत' असं यायचं. उजवीकडे सरकवला की पिवळी आणि मग हिरवी, आणि शेवटी 'उत्तम'. कोणापेक्षा उत्तम ते लिहिलेलं नव्हतं. समोर ढीग नाही, पुकारणारा नाही, दुसरा हात वर करणारा दिसत नाही, आणि काटा मात्र माणसाला म्हणतो की तू कमकुवत आहेस. आमच्या जेटीवर असा लिलाव कोणी मांडला असता तर बायकांनी त्याला टोपलीसकट पाण्यात लोटला असता. इथे शिकलेली माणसं जेवणाच्या सुट्टीत मोबाईल पुढे धरून तो काटा बोटाने पुढे-मागे ढकलत बसली होती. लहान मुलांना खुळखुळा देतात तसा.

त्यांच्यात दोघे मुख्य होते. एक आमचे विक्रीप्रमुख, मूळचे पुण्याचे, हॉटेलात गेले की आधी रिसेप्शनवर 'वरची खोली काही मिळते का' हे विचारणारे. दुसरे खरेदी अधिकारी, इथलेच, माझ्याच कॉलेजचे, माझ्या दोन वर्षं पुढे. मी दोघांबरोबर बारा वर्षं डबा खाल्ला आहे.

"तुम्ही लावणार की नाही बोली?" विक्रीप्रमुखांनी मला विचारलं. "की हिशेबवाल्यांना समुद्र फुकटच बघायचा असतो?"

मी डबा बंद केला आणि जसं मला येतं तसं केलं. मोठ्याने कारण सांगितलं. माझी आत्या येते आहे, तिला बंद खोलीत झोपता येत नाही, तिने मला शिकवलं, आणि खोल पाणी बघायची तिची इच्छा आहे. एवढं सांगून मी माझा आकडाही सांगितला. आकडा लपवायचा असतो हे माझ्या डोक्यातही आलं नाही. लिलावात आकडा सगळ्यांसमोर पुकारतात, आणि कारणाच्या बोलीत तर आधी कारण, मग आकडा. ज्या लोकांत मी वाढलो त्यांच्यात याचा अर्थ एकच होता.

"अरे वा," खरेदी अधिकारी म्हणाले. "मावशींना नक्की दाखवा समुद्र."

"आत्या."

"तेच. आम्ही काय, कुठेही पडू. दोन रात्रींचा तर प्रश्न."

"ग्रेट," विक्रीप्रमुख म्हणाले. "खरंच ग्रेट. अशी माणसं राहिली नाहीत आता." आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी काटा माझ्या आकड्यावर ठेवला, बोली पाठवली आणि विषय संपला असं धरून चाललो. पत्नीने एकदा विचारलं, थोडी वाढवून ठेवायची का. मी म्हटलं, "कशाला? सगळ्यांना सांगितलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. ती देवरुखची, भाताच्या गावची. लिलावातलं तिला काय कळणार, असं मला वाटलं.

प्रवासाच्या आधल्या आठवड्यात ईमेल आली. या वेळी आपल्याला संधी देता आली नाही, आपल्या उत्साहाबद्दल आभार. त्याच दुपारी विक्रीप्रमुख पेढे घेऊन आले. बाल्कनी मिळाली म्हणून पेढे. ती कशी मिळवलीत असं मी विचारलंही नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं.

"तुमच्यापेक्षा थोडेसेच वर टाकले. तुमचा आकडा माहीत होता, मग उगाच जास्त कशाला घालवायचे?"

खरेदी अधिकाऱ्यांनी खाली बघून पेढ्याचा कागद सोडवला. त्यांनाही बाल्कनीची खोली लागली होती, आणि त्यांनीही तेच केलं होतं. माझ्या आकड्यापासून किती वर जायचं याबद्दल दोघांचं आपसात बोलणंही झालं असावं, कारण दोघांचे आकडे जवळजवळ सारखे होते. निदान त्यांच्यात तरी एकमेकांना सांगायची पद्धत होती म्हणायची.

"कारण सांगितलं होतं मी," मी म्हटलं.

"हो, आणि आम्हाला ते फार आवडलं," विक्रीप्रमुख म्हणाले. "पण बोली ती बोली. त्यात भावना आणू नयेत. तुम्ही पण वाढवायची होतीत. कोणी अडवलं होतं?"

मी खोली बदलून देण्याबद्दल विचारलं. वरचे पैसे मी देतो म्हटलं. खरेदी अधिकारी म्हणाले की त्यांची काही हरकत नाही, पण नियमात बसणार नाही. मी तिथल्या तिथे प्रवास कंपनीला फोन लावला. दोघांची संमती असली तर बसतं, असं तिथली मुलगी म्हणाली. मी फोन त्यांच्यापुढे धरला. ते उठले, बेसिनवर गेले आणि हात धूत राहिले. ते माझ्याच कॉलेजचे आहेत हे मी वर लिहिलं आहे. त्या कॉलेजचा त्यात काही दोष नाही.

या दोघांचा मला राग आला असता तर बरं झालं असतं. रागात माणूस समोरच्याला आपल्याएवढा धरतो. मला नुसती किळस आली. सडलेल्या टोपलीवरची माशी उडवताना जी येते ती. त्यांना ती खोली हवी होती असंही नाही. दुसऱ्याला हवी आहे हे कळलं तेव्हा ती त्यांना हवी झाली.

रविवारी मी नाट्याला गेलो. आत्याने नवीन लुगडं काढून ठेवलं होतं आणि वेशीवरच्या दुकानातून आल्याच्या वड्या आणल्या होत्या, जहाजात मळमळू नये म्हणून. मी उंबऱ्यावर बसूनच सांगितलं. तिने सगळं ऐकलं.

"तू कारण सांगितलंस?"

"सांगितलं."

"त्यांनी ऐकलं? म्हंजे कानांनी?"

"ऐकलं. छान म्हणाले."

"आणि मग बोलले तुझ्यावर?"

"बोलले नाहीत, आते. मोबाईलवर केलं. आपल्याला दिसत नाही कोण किती लावतं ते."

"ती माझी वैरीण होती ना, तिच्यावर मी मागाहून धा वेळा चढले. तिनं पण मला सोडली नाय. पण तोंडावर. हे तर तोंड फिरवून केलेलं. हे कसले रे लोक? जेवतोस त्यांच्यात?"

"जेवत होतो."

"आता नको जेवू."

मी म्हटलं, आपण तरी जाऊ, तू रात्रभर वर मोकळ्यात बस, मी तुझ्याबरोबर बसतो. तिने मान हलवली. "ते बरं दिसत नाय. तुझे साहेब लोक बघणार, म्हातारी भायेर बसलीय. आणि हे गुडघे. नको. तू जा. नोकरीचं काम हाय. जा, बघ, आणि मला लिव. फोनवर सांगू नको, फोनवर तू घाईत असतोस. कॉलेजात होतास तेव्हा लिवायचास तसं लिव. शेजारची सून वाचून दावील."

आल्याच्या वड्या तिने माझ्याच पिशवीत घातल्या.

जहाजावर माझ्या खोलीत एका भिंतीवर पडदा होता. मला क्षणभर वाटलं की चूक झाली आणि खिडकी मिळाली. पडदा सारला तर मागे आरसा. खिडकी नसलेल्या माणसाला खिडकीचा पडदा द्यायचा आणि तो उघडला की त्याला त्याचंच तोंड दाखवायचं, ही अक्कल कोणाची असेल ती असो, तिला पगार चांगला मिळत असणार. दुसरा पलंग रिकामा होता. मी त्यावर पिशवी ठेवली आणि वर मोकळ्या डेकवर गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी किनारा दिसेनासा झाल्यावर मालकांनी काही कागद विक्रीप्रमुखांकडे पाठवले. मी ते घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. दार उघडलं तर आत एसीचा गारठा आणि दिव्यांचा उजेड. बाल्कनीचे जाड पडदे टोकापर्यंत ओढलेले होते. नवरा-बायको आणि दोन पाहुणे पत्ते खेळत होते आणि कोपऱ्यात टीव्ही चालू होता. टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्यातून समुद्र दाखवत होते.

"ऊन फार येतं हो बाहेरून," वहिनी म्हणाल्या. "आणि दार उघडलं की एसी बंद पडतो."

खरेदी अधिकाऱ्यांचं आणखी चांगलं झालं होतं. त्यांच्या बाल्कनीच्या बरोबर समोर संकटकाळी सोडायची मोठी नारिंगी होडी टांगलेली होती. कठड्याशी उभं राहिलं की होडीचं बूड, आणि वाकून बघितलं तर खाली बोटभर पाणी. 'दृश्यात अडथळा' असं कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे.

"तुम्ही सुटलात," ते मला म्हणाले. मैत्री परत सुरू करायची त्यांची ती पद्धत होती. "फसवलं बघा लोकांनी. सांगतच नाहीत समोर काय आहे ते."

मी त्यांच्याबरोबर जेवलो नाही, तिथेही आणि नंतर कारखान्यातही. आता मी डबा गोदामात, खोकी बांधणाऱ्या बायकांच्या घोळक्यात खातो. त्यांच्यातल्या दोघी जेटीवरच्या घरांतल्या आहेत.

परत आल्यावर आत्याला पत्र लिहिलं. त्याची प्रत माझ्याकडे नाही, पण कच्चं लिहिलेलं आहे. ते असं.

आते,

शेजारच्या सुनेला सांग की सावकाश वाच.

तू विचारलं होतंस तिथं काय असतं. काकांनी तुला खरंच सांगितलं होतं, पाणीच असतं. पण ते आपल्या जेटीसारखं हिरवं नाही. गडद निळं, सायंकाळी काळं. त्याला वास नाही. आपल्याला वाटतो तो दर्याचा वास किनाऱ्याचा असतो, हे मला तिथे कळलं. लाटा फुटत नाहीत, कारण फुटायला काही नाही. नुसतं वर होतं आणि खाली होतं, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखं. लांब एक मच्छीमार होडी दिसली, तिच्यावर दोन माणसं जाळं ओढत होती. आमच्या जहाजावरच्या कोणी तिच्याकडे बघितलं नाही. मी हात वर केला, त्यांनी पण केला. मी दिवसभर वरच होतो. तुझ्या वड्या खाल्ल्या, मळमळलं नाही.

त्या दोघांनी काही बघितलं नाही. एक पडदा लावून पत्ते खेळला आणि दुसऱ्याच्या दारासमोर होडी टांगलेली निघाली. हे ऐकून तुला हसू येईल म्हणून लिहिलं. मला हसू आलं नाही, कारण तुझा पलंग रिकामा होता आणि तो त्यांच्यामुळे रिकामा होता. ती माणसं शिकलेली आहेत आणि मीही शिकलेलो आहे. तू मला शिकवलंस ते यांच्यात बसण्यासाठी असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आता वाटत नाही. शिकवलंस हे फार चांगलं केलंस, त्याबद्दल मी तुला कधी नीट सांगितलं नाही, ते आज लिहितो. पण बसायचं कुठे ते मी आता माझं बघीन.

एक मागणं आहे. बायका होडीत चढत नाहीत हे मला माहीत आहे. ही रीत मोडा असं मी कोणाला सांगू शकत नाही, मी आता रत्नागिरीचा झालो; तू सांगू शकतेस. तू जेटीवर जा. होड्या लागायच्या वेळेला, सगळे तांडेल असतील तेव्हा. हात वर कर आणि कारण सांग. एवढंच सांग की जन्मभर ज्या पाण्यातलं विकलं ते पाणी एकदा बघायचं आहे. तू आयुष्यात एकदाच अशी बोली लावलीस आणि ती माझ्यासाठी लावलीस. आता एक तुझ्यासाठी लाव. तिथली माणसं हात खाली घेणारी आहेत. कोणी मागाहून आकडा चढवणार नाही.

समुद्र शांत असेल असा दिवस तेच ठरवतील. दिवस ठरला की कळव, मी रजा टाकून येतो आणि तुला धरून चढवतो. खोली नाही, खिडकी नाही, पडदा नाही. नवीन लुगडं घाल, भिजलं तर भिजलं.

तुझा,
भावाचा पोर